अठरा वर्षांची तुर्की अजान

१६ जून १९५०, शुक्रवार. अंकाराच्या संसदेपुढे फौजदारी कायद्याच्या ५२६व्या कलमातली एक लहानशी दुरुस्ती होती. अरबीतून अजान किंवा इकामत (नमाज सुरू होतानाची दुसरी पुकार) म्हणणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आणि दहा ते दोनशे लिरा दंड, एवढा मजकूर त्या कलमातून काढायचा होता. दुसऱ्या दिवशी रमजान लागणार होता. दुरुस्ती मंजूर झाली आणि अठरा वर्षांनी मिनारांवरून पुन्हा ‘अल्लाहु अकबर’ ऐकू आलं. रस्त्यात जागच्या जागी थांबून रडलेल्या माणसांच्या आठवणी तुर्कस्तानात आजही सांगतात.

त्या दुरुस्तीतली एक बाब सहसा कुणी सांगत नाही. तिने तुर्की अजानवर बंदी घातली नव्हती. अरबीवरची शिक्षा तेवढी उठवली होती. ज्या मुअज्जिनाला तुर्कीतून बांग द्यायची असेल त्याला ती देता आली असती. तरीही अठरा वर्षं, दिवसातून पाच वेळा, देशभर म्हटलेले ते तुर्की शब्द पाहता पाहता मिनारांवरून नाहीसे झाले.

याउलट शुक्रवारच्या खुतब्याचं, म्हणजे नमाजआधीच्या प्रवचनाचं, बघा. त्यातला उपदेशाचा भाग तुर्कीत आणला तोही त्याच राजवटीने, जवळपास त्याच काळात. तो टिकला. आजही इस्तंबूलच्या मशिदीत इमाम उपदेश तुर्कीतच करतो आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. मशीद तीच, भाषा तीच आणि बदल करणारं सरकारही तेच. मग एक बदल रुजला आणि दुसरा उपटून का फेकला गेला? या प्रकरणात मला सगळ्यात जास्त ओढून घेतो तो हाच प्रश्न.

अजानपर्यंतची वाट

मुस्तफा केमालच्या सुधारणा मराठी वाचकाला मोघमपणे ठाऊक असतात, म्हणून भरभर सांगतो. ३ मार्च १९२४ला खिलाफत रद्द झाली. त्याच दिवशी मदरसे शिक्षण खात्याखाली गेले आणि धर्मव्यवहार बघायला दियानेत हे सरकारी खातं जन्माला आलं. १९२५मध्ये फेज टोपीवर बंदी आली, युरोपीय हॅट आली, सूफींचे तेक्के (मठ) बंद झाले. १९२६मध्ये स्वित्झर्लंडच्या नमुन्यावर दिवाणी कायदा आला. १ नोव्हेंबर १९२८ला अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘राज्याचा धर्म इस्लाम आहे’ हे वाक्य घटनेतून वगळलं होतं.

यातल्या पहिल्या घटनेचा हादरा मुंबईपर्यंत पोचला होता. ज्या खलिफासाठी भायखळ्याच्या खिलाफत समितीने देशभर पैसा आणि माणसं उभी केली, त्याला तुर्कांनीच रातोरात देशाबाहेर घालवलं. पुढे नोव्हेंबर १९३१मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात त्या परागंदा खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न निजामाच्या थोरल्या मुलाशी झालं. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. त्या लग्नानंतर अडीच-तीन महिन्यांतच इस्तंबूलच्या मिनारावरून पहिली तुर्की अजान झाली.

आता एक गैरसमज दूर करतो. तुर्कस्तानची गोष्ट आपण ‘पश्चिम विरुद्ध इस्लाम’ अशी वाचतो. हॅट, दिवाणी कायदा, लिपी यांच्या बाबतीत ते चालून जातं. अजानच्या बाबतीत चालत नाही. अजान तुर्कीत म्हणा असं कुठल्याही युरोपीय सत्तेने सुचवलं नव्हतं. ही कल्पना तुर्क राष्ट्रवादातून आली. झिया ग्योकाल्प या विचारवंत कवीने ओस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या अखेरच्या दिवसांतच एका कवितेत आपल्या स्वप्नातला देश रंगवला होता: तिथे मशिदीत तुर्कीतून अजान होते आणि शेतकऱ्याला आपल्या प्रार्थनेचा अर्थ कळतो. युरोपचा हात लागला तो आडवळणाने. लोकभाषेतल्या बायबलमुळे जर्मन माणूस जागा झाला, मग कुराण तुर्कीत आलं तर तुर्कही जागा होईल, असा तो हिशोब होता. त्यात चांगली इच्छा होती, हे मी मनापासून मान्य करतो. अनातोलियातला शेतकरी जन्मभर जे पाठ म्हणत आला त्यातला शब्दही त्याला कळत नव्हता, हे खरंच होतं.

१९२६मध्ये इस्तंबूलच्या ग्योझतेपे भागातल्या एका इमामाने आपणहून शुक्रवारची नमाज तुर्कीतून पढवली. दियानेतने त्याला कामावरून दूर केलं. दियानेतचे प्रमुख होते रिफात ब्योरेकची, स्वातंत्र्ययुद्धात मुस्तफा केमालच्या बाजूने फतवा देणारे अंकाराचे मुफ्ती. सहा वर्षांनी तुर्की अजानचा हुकूम निघाला तोही याच खात्यातून, हेच प्रमुख असताना. १९२६चा इमाम स्वतःच्या मनाने तुर्कीकडे वळला होता, १९३२च्या मुअज्जिनांना वळायला सांगण्यात आलं. खात्याने पहिल्याला शिक्षा केली आणि दुसऱ्यांवर सक्ती. भाषा कोणती याच्याइतकंच ती कोण ठरवणार हेही महत्त्वाचं होतं, हे इथे दिसतं.

आकिफने न दिलेलं भाषांतर

संसदेने १९२५मध्ये कुराणाच्या तुर्की भाषांतरासाठी आणि भाष्यासाठी पैसे मंजूर केले. भाष्य एल्मालिली हमदी यांच्याकडे गेलं. भाषांतराचं काम आलं मेहमेत आकिफकडे. आकिफ म्हणजे तुर्कस्तानच्या राष्ट्रगीताचा कवी. १२ मार्च १९२१ला संसदेने स्वीकारलेल्या त्या गीताच्या एका कडव्यात अजानचा उल्लेख आहे: तिची ग्वाही हा धर्माचा पाया, ती माझ्या देशावर कायम घुमत राहो, अशा अर्थाचा.

आकिफ इजिप्तला गेला आणि तिथे वर्षानुवर्षं भाषांतरावर बसला. काम पुढे सरकत होतं, तसतशी त्याची धास्तीही वाढत होती. आपलं भाषांतर नमाजमध्ये अरबी कुराणाच्या जागी वापरतील, असं त्याला वाटू लागलं. शेवटी त्याने करार मोडला आणि घेतलेले पैसे परत केले. १९३६मध्ये मायदेशी परतताना त्याने हस्तलिखित मागेच ठेवलं आणि मी परतलो नाही तर जाळून टाका असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. पुढे हस्तलिखित खरोखर जाळण्यात आलं.

या माणसाला प्रतिगामी म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्याला तुर्कीचं वावडं असतं तर त्याने भाषांतर हाती घेतलंच नसतं. अर्थ सांगणारं भाषांतर त्याला हवं होतं. मूळाला हाकलून त्याच्या जागी बसणारं भाषांतर त्याला नको होतं. हा फरक त्याला जितका स्वच्छ दिसला तितका अंकारात कुणाला दिसला नाही. हमदींचं भाष्य मात्र १९३०च्या दशकात नऊ खंडांत छापून आलं आणि आजही तुर्की घरांत श्रद्धेने वाचलं जातं.

रमजान, १९३२

जानेवारी १९३२. इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यात अतातुर्कने, म्हणजे मुस्तफा केमालने, शहरातले नऊ नामांकित हाफिज (कुराण मुखोद्गत असलेले) बोलावले. कुराणाचं तुर्की पठण कसं करायचं, तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’चा घोष, तुर्कीत कशी म्हणायची, याचा सराव सुरू झाला. २२ जानेवारीला येरेबातान मशिदीत हाफिज यशारने कुराणातल्या यासीन सूरेचं तुर्की भाषांतर वाचलं. महिनाअखेरीला फातिह मशिदीतून हाफिज रिफातने पहिली तुर्की अजान दिली. ३ फेब्रुवारीला, कद्रच्या (कुराण अवतरल्याच्या) रात्री, आया सोफियात तुर्की कुराण आणि तुर्की तकबीर झाली. गर्दी आत मावली नाही आणि सोहळा रेडिओवरून देशभर ऐकवला गेला. दोन दिवसांनी सुलेमानिये मशिदीत हाफिज सादेत्तिन कायनाक खुतबा द्यायला उभा राहिला तो युरोपीय फ्रॉक कोटात आणि उघड्या डोक्याने. उपदेशाचे तुर्की शब्द लोकांना रुचले असतील, नसतील. मिंबरवरचं (प्रवचनाच्या व्यासपीठावरचं) ते उघडं डोकं मात्र कुणी विसरलं नाही.

१८ जुलै १९३२ला दियानेतने देशभर तुर्की अजानचा हुकूम काढला. तिचे शब्द असे होते:

तान्री उलूदुर. देव थोर आहे.
शुफेसिझ बिलिरिम, बिल्दिरिरिम. निःशंक जाणतो, जाणवून देतो:
तान्रीदान बाश्का योकतुर तापाजाक. देवावाचून पूजावा असा कुणी नाही.
तान्रीनिन एलचिसिदिर मुहम्मद. मुहम्मद देवाचा दूत आहे.
हायदी नमाझा. चला नमाजला.
हायदी फेलाहा. चला कल्याणाकडे.

पहाटेच्या अजानमध्ये ‘नमाज झोपेपेक्षा भली’ ही ओळ वेगळी.

हे शब्द कानाला वाईट नाहीत. ‘बिलिरिम, बिल्दिरिरिम’मध्ये तर जाणणं आणि जाणवून देणं एकाच धातूतून उमलतं, अरबीतली साक्ष तुर्की व्याकरणाने आपलीशी करते. ज्याने हे रचलं त्याला भाषेचा कान होता. पण ‘शुद्ध तुर्की’ हा दावा इथेच ढळतो. ‘शुफे’ म्हणजे शंका, तो अरबी शब्द. ‘हायिर्ली’ हे ‘भली’साठी वापरलेलं विशेषण अरबी मुळाचं. अरबी ‘सलात’ काढून बसवलेला ‘नमाज’ फारसी. संस्कृत ‘नमस्’चं आणि त्याचं कूळ एकच, त्यामुळे तो आपल्या कानाला तुर्कांपेक्षाही जवळचा. आणि ‘फेलाह’ तर होता तसाच ठेवला. शंभर नंबरी तुर्की शब्द म्हणजे ‘तान्री’, मध्य आशियातल्या तुर्क टोळ्यांच्या आकाशदेवाचं नाव. नेमका तोच लोकांना सर्वांत जास्त सलला.

आणि हे गाणार कसं? तुर्की मशिदींत अजान मकामात, आपल्या रागासारख्या स्वरचौकटीत, बांधलेली असते. पहाटेची ‘सबा’ या उदास मकामात, संध्याकाळची ‘सेगाह’मध्ये. ‘अल्लाह’मधला दीर्घ ‘आ’, ‘सलाह’ आणि ‘फलाह’मधला दीर्घ ‘आ’ या जागांवर मुअज्जिन थांबतो, हरकत घेतो, दरीवरून आवाज पलीकडे पोचवतो. अस्सल तुर्की शब्दांत स्वर ऱ्हस्व असतात. ‘उलूदुर’ ‘र’वर बंद होतो. तिथे आवाज पसरायला जागाच राहत नाही. ‘फेलाह’ का ठेवला याची बरीच कारणं सांगितली जातात. मला वाटतं, ज्या गळ्यातून तो निघणार होता त्या गळ्याला तरी त्याची गरज होती. ज्यांनी हा बदल आखला ते अजानकडे मजकूर म्हणून बघत होते. ऐकणाऱ्याला तो आवाज होता. मूल जन्माला आलं की त्याच्या कानात बाप किंवा आजोबा अजान म्हणतो, त्याला अर्थ कळावा म्हणून नव्हे. सूर्य उगवल्याचा अर्थ सांगावा लागत नाही, तसं हे.

रेडिओवरही हेच घडलं. नोव्हेंबर १९३४पासून सुमारे वीस महिने तुर्की रेडिओवर ओस्मानी परंपरेचं संगीत बंद होतं, तिथे पाश्चात्त्य संगीत वाजवायचं. लोकांनी सुई फिरवून अरबी केंद्रं लावली. पुढे इजिप्शियन चित्रपट आले, त्यातल्या अरबी गाण्यांवर गदा आली आणि त्यांच्या जागी तुर्की गाणी रचायला बसला तोच सादेत्तिन कायनाक. ती गाणी तुफान गाजली, कारण त्याने ती लोकांच्या ओळखीच्या मकामांत बांधली होती.

बुर्सा

१ फेब्रुवारी १९३३, रमजान नुकताच संपला होता. बुर्सा शहराच्या उलू जामीत, वीस घुमटांच्या त्या जुन्या मशिदीत, अरबीतून अजान झाली. पोलिसांनी दखल घेतल्यावर नमाजी जमावाने वक्फ कचेरीकडे आणि तिथून गव्हर्नरच्या कचेरीकडे जाऊन मागणी केली: इतर शहरांत अरबी चालत असेल तर इथे का नको? धरपकड झाली. दौऱ्यावर असलेला अतातुर्क स्वतः बुर्साला आला. हा प्रश्न धर्माचा नसून भाषेचा आहे, अशी भूमिका त्याने जाहीर केली. दियानेतनेही त्याच आठवड्यात नवं परिपत्रक काढून हुकूम मोडणाऱ्यांना कडक कारवाईचा इशारा दिला.

‘धर्माचा नव्हे, भाषेचा’ हे अंकारातून बघताना खरंच होतं. पण मुअज्जिनाच्या दारात भाषातज्ज्ञ आला नव्हता, पोलीस आला होता. त्या क्षणापासून तुर्की अजानचा अर्थ ठरून गेला. तिच्या शब्दांत काहीही असो, मिनाराखाली उभा असलेला माणूस ती ऐकताना सरकार ऐकत होता.

१९४१पर्यंत अरबी अजानसाठी वेगळं कलमच नव्हतं, सरकारी हुकमाची अवज्ञा या सदराखाली शिक्षा होत. अतातुर्कनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या इस्मत इनोनूच्या काळात, जून १९४१मध्ये, ५२६व्या कलमात ती खास शिक्षा आली. हॅट आणि लिपीचे कायदे मोडणाऱ्यांची शिक्षाही त्याच कलमात होती. लोकांनी वाटा काढल्या. मिनारावर तुर्की, खाली आत कुजबुजत अरबी. लहान मुलाला नाहीतर वेड्या समजल्या जाणाऱ्या माणसाला मिनारावर पाठवायचं, म्हणजे खटला उभा राहत नाही, अशाही हकिगती त्या पिढीने सांगून ठेवल्या आहेत. ४ फेब्रुवारी १९४९ला तिजानी या सूफी पंथाच्या दोघांनी थेट संसदेच्या प्रेक्षक सज्जातून अरबी अजान दिली आणि अटक करवून घेतली.

सुटका आणि तिच्या मर्यादा

१४ मे १९५०च्या निवडणुकीत अतातुर्कचा पक्ष हरला. अदनान मेंदेरेस पंतप्रधान झाले आणि महिन्याभरातच त्यांनी हा विषय काढला. धर्मस्वातंत्र्य मानणाऱ्या राज्याला अजानच्या भाषेसाठी तुरुंग ठेवता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. विरोधात बसलेला अतातुर्कचा पक्षही दुरुस्तीच्या आड आला नाही. ज्यांनी नियम आणला त्यांनाही त्याची बाजू घेऊन उभं राहणं जड गेलं. नव्या सरकारात परराष्ट्रमंत्री होते फुआत क्योप्रुलू. मशिदीत बाकं, वाद्यं, पायात स्वच्छ जोडे अशा सूचनांचा १९२८चा गाजलेला मसुदा ज्यांच्या नावाशी जोडला गेला होता, ते हेच.

१९६०मध्ये लष्कराने मेंदेरेसना पदच्युत केलं आणि सप्टेंबर १९६१मध्ये फाशी दिली. अतातुर्कचं नाव घेणाऱ्या त्या लष्करानेही तुर्की अजान परत आणली नाही.

आता मूळ प्रश्न. खुतबा आणि अजान यांच्यात मला दोन फरक दिसतात. पहिला: खुतब्यातला उपदेश आधीपासूनच समजून घेण्याची गोष्ट होती. तो अरबीत असताना लोकांना काही मिळतच नव्हतं, तुर्कीत आल्यावर मिळू लागलं. अजानमध्ये आधीच काही मिळत होतं, ते काढून घेतलं गेलं. दुसरा, माझ्या लेखी मोठा: तुर्की खुतबा ऐकताना खुतब्यातल्या आयती अरबीतच राहिल्या होत्या. नवं आलं, जुनं शेजारी बसून राहिलं. कुराणाची तुर्की भाषांतरंही अशीच घरोघर गेली, मूळ एका पानावर, अर्थ समोरच्या. अजानमध्ये मात्र शेजारी जागाच ठेवली नाही. १९३२मध्ये ‘तुर्कीतून म्हणायला हरकत नाही’ एवढाच हुकूम निघाला असता, तर एखाद्या गावी, एखाद्या गळ्यात ती रुजलीही असती. ग्योझतेपेच्या त्या इमामासारखी माणसं होतीच. सक्तीने त्यांचीही वाट बंद केली, कारण त्यानंतर तुर्कीतून देवाला हाक मारणारा माणूस सरकारचा माणूस ठरला.

याची खूण भाषेत अजून शिल्लक आहे. ‘तान्री’ हा तुर्कीतल्या सर्वांत जुन्या शब्दांपैकी एक. आज कुणी ‘अल्लाह’ऐवजी तो वापरला की ऐकणारा लगेच बोलणाऱ्याचं राजकारण ओळखू बघतो. तुर्की भाषेच्या प्रेमापोटी केलेल्या सक्तीत तुर्कीचाच एक सुंदर शब्द जायबंदी झाला, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सरकारने मिनारावरचा हात काढला असंही नव्हे. मुअज्जिन आणि इमाम आजही दियानेतचे पगारी नोकर आहेत. १५ जुलै २०१६च्या रात्री बंडाची बातमी फुटली तेव्हा दियानेतच्या सांगण्यावरून देशभरच्या मशिदींतून अवेळी ‘सेला’चे (प्रेषितावरच्या सलामीचे) अरबी स्वर घुमले आणि लोक रस्त्यावर उतरले.

नोव्हेंबर २०१८मध्ये अरदाहानचे खासदार ओझतुर्क यिल्माझ यांनी अजान तुर्कीतून व्हावी असं जाहीरपणे म्हटलं. ते अतातुर्कच्याच पक्षाचे होते. त्याच महिन्यात पक्षाने त्यांना काढून टाकलं.